झिल्पा आणि प्रूएटचा देव

झिल्पाला सगळ्यात जास्त किळस यायची ती ऑबडाया प्रूएटच्या प्रार्थनेची. त्याच्या पीकदाणीचीही यायची, आणि ती रोज सकाळी तिलाच घासावी लागायची. तंबाखूचा चिकट तपकिरी लगदा, त्यात बुडून मेलेल्या माश्या. पण ती घाण राखेनं आणि पाण्यानं निघायची. प्रार्थना अंगावरून निघत नसे. जेवणाआधी डोळे मिटून तो देवाचे इतके आभार मानायचा की तळलेली कालवं गार होऊन जात. कुणाला चाबकानं फोडून काढायचं असलं, तरी आधी गुडघे टेकायचा. ज्याला फटके खायचे त्यालाही शेजारी गुडघे टेकायला लावायचा.

मेरीलँडच्या खाडीकाठी प्रूएटचा मका आणि गहू पिकायचा. झिल्पा त्याची स्वयंपाकीण, म्हणजे त्याच्याच मालकीची, घोड्यासारखी किंवा खुर्चीसारखी. तिचा नवरा कालवं काढताना बुडून गेला होता. हेस्टर ही एकुलती मुलगी मागे राहिली होती.

एका वर्षी ईस्टरला पाद्री आजारी होता, म्हणून प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक प्रूएटनंच धरलं. गोऱ्यांचं झाल्यावर मागच्या बाकांवरच्या गुलामांची पाळी आली. त्यानं हेस्टरच्या तळहातावर तुकडा ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘आपण सगळी एकाच बापाची लेकरं.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जॉर्जियाच्या व्यापाऱ्यांची गाडी उभी होती. हेस्टरला गाडीत चढवल्यावर झिल्पाला कळलं, की सौदा शनिवारीच झाला होता. रविवारी डोक्यावरून हात फिरवताना ती पोर विकलेली होती.

झिल्पा परसात गेली आणि पोटात काही उरेना तोवर ओकत राहिली. नंतर कितीतरी दिवस प्रूएटचा आवाज कानी पडला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

देवावरचा तिचा विश्वास तेव्हाच उडायचा, पण लेव्हिन काकानं उडू दिला नाही. हा म्हातारा प्रूएटची डुकरं राखायचा आणि मळ्यामागच्या झाडीत चोरून प्रार्थना चालवायचा. तिथं मालकाची आज्ञा पाळा, असं कुणी सांगत नसे. बायबलातली, इजिप्तच्या गुलामीतून सुटलेल्या लोकांची गोष्ट तो हलक्या आवाजात पुन्हा पुन्हा सांगायचा. झिल्पानं एकदा त्याला सरळच विचारलं, की प्रूएट ज्याला हाका मारतो तो आणि आपला देव एकच का?

‘‘त्यालाच विचार की, पोरी,’’ काका म्हणाला. ‘‘पण स्वयंपाकघरात बसून नको विचारू. वाटेला लाग नि मग विचार.’’

तिनं विचारलं. ‘देवा, त्या माणसाचा नि तुझा काही संबंध नसेल, तर मला दाखव.’ इतकीच प्रार्थना ती पीकदाणी घासताना करायची.

ऑगस्टात रानात मोठी प्रार्थनासभा भरायची. साऱ्या परगण्यातले गोरे तंबू ठोकून राहायचे, भर उन्हात रडायचे, पश्चात्ताप करायचे आणि संध्याकाळी कोंबडीवर ताव मारायचे. रांधायला गुलाम बरोबर असत. त्या वर्षी एका दुपारी व्यासपीठावर प्रूएटच उभा होता. आपण कसे पापी होतो आणि प्रभूनं आपल्याला कसं धुऊन काढलं, हे सांगताना त्याचे गाल ओले झाले होते. समोरच्या बायका हुंदके देत होत्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

झिल्पानं खरकट्याची बादली उचलली. तीत खेकड्यांची कवचं, माशांची आतडी, कलिंगडाच्या साली होत्या आणि दोन दिवसांच्या उन्हानं सगळं फसफसत होतं. बादली डोक्यावर घेऊन ती तंबूंमधून चालत निघाली. वाटेतली माणसं नाक धरून बाजूला होत होती. रानाबाहेर पडली तरी ती थांबली नाही.

खाडीच्या रस्त्यावर गस्तीचा घोडेस्वार आडवा आला. कुठे निघालीस, म्हणाला. डुकरांना घालायला, असं तिनं सांगितलं. मालकाची चिठ्ठी दाखव, म्हणाला.

‘‘आहे ना, साहेब. हातातून या बादलीतच पडली बघा आत्ता,’’ असं म्हणत तिनं बादली घोड्याच्या नाकाखाली उतरवली आणि कोपरापर्यंत हात आत घालून चाचपू लागली. घोडा फुरफुरत मागे सरला. बरबटलेला हात बाहेर काढून ती पुन्हा घालणार, तोच स्वारानं तोंडावर रुमाल धरला.

‘‘राहू दे, राहू दे. चालती हो इथून.’’

बादली पुन्हा डोक्यावर घेऊन ती चालती झाली. घाणीचे ओघळ मानेवरून छातीवर येत होते, आणि तिला ते पुसायचं सुचलं नाही.

खाडीच्या तोंडाशी लेव्हिन काकाचा पुतण्या शॅड्रॅक होडी लावून बसला होता. तो स्वतंत्र होता आणि खतासाठी सडके मासे उत्तरेकडच्या शेतांवर पोचवायचा. काकानं त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. तिला पाहताच त्यानं माशांच्या ढिगाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ‘‘मावशी, नाक घरी ठेवून आलीस ना?’’

जुन्या शिडाच्या कापडाखाली ती आडवी झाली आणि त्यानं वरून मासे लोटले. अळ्या कापडाच्या भोकातून आत येत होत्या. त्या मानेवर, कानात वळवळत होत्या. वरच्या बाजूच्या एका धक्क्यावर दोन गोरे होडीत चढले. एक बाई पळाली आहे, म्हणाले. एकानं दाताळं घेऊन ढिगात खुपसलं. लोखंडाचा दात तिच्या मांडीला चाटून गेला, कातडी फाटली. तिनं मनगट चावून धरलं. प्रार्थनेचा एकही शब्द तिला आठवला नाही. एवढंच जाणवलं, की या घाणीत आपण एकट्या नाही. प्रूएटच्या देवाला इथं यायला लाज वाटली असती, आणि हा जो कुणी शेजारी होता त्याला वाटत नव्हती. दुसऱ्यानं ओकाऱ्या काढत पहिल्याला खाली ओढलं आणि होडी सुटली.

पेनसिल्व्हेनियात गुलामी पाप मानणाऱ्या क्वेकर पंथातल्या एका कुटुंबानं तिला आसरा दिला. घरची बाई मायाळू होती. तिनं साबण दिला, मांडीवर मलम लावलं. आठवड्यानं मात्र तिनं गळ घातली, की सभेत येऊन आपली हकिकत सांग आणि शेवटी मालकाला क्षमा केली म्हण, ऐकणाऱ्यांची मनं द्रवतील. झिल्पाच्या तोंडाला पुन्हा तसंच पाणी सुटलं.

‘‘मुलीला विचारून सांगते, बाईसाहेब,’’ ती म्हणाली.

पळालेल्यांना पकडून परत धाडण्याचा कायदा झालेला होता, म्हणून ती तिथं थांबली नाही. कॅनडात सेंट कॅथरिन्सला गेली. तिथं आधी धुणी धुतली, मग चार कामकरी माणसांना जेवू घालणारी खाणावळ चालवली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून गुलामी उठली तेव्हा काळ्यांच्या देवळादेवळांतून हरवलेल्या माणसांची नावं पुकारली जाऊ लागली. झिल्पानंही पुकारायला सांगितलं: हेस्टर, मेरीलँडची, जॉर्जियात विकलेली, आईचं नाव झिल्पा.

बऱ्याच वर्षांनी जॉर्जियातल्या सव्हानाहून एक हेस्टर आली. दारात उभी राहिली आणि दोघींनाही लगेच कळलं. ही दुसऱ्याच कुणाची हेस्टर होती. तिच्या आईचं नाव सिल्व्ही होतं, देवळात ऐकताना चूक झाली होती. झिल्पानं तिला आत घेतलं, मक्याची भाकरी आणि घेवडा वाढला. ती हेस्टर राहिलीच. खाणावळ पुढं तिनंच चालवली.

ती आली त्याच्या पुढच्या रविवारी देवळाबाहेर नवा तरुण पाद्री झिल्पाला म्हणाला, की देवानं एक लेक नेली आणि दुसरी दिली, त्याची योजना अगाध आहे. झिल्पा जमिनीवर थुंकली. तिला असं करताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

‘‘माझी पोर देवानं नाही नेली. प्रूएटनं विकली,’’ ती म्हणाली. ‘‘असली घाण देवाच्या अंगावर टाकत जाऊ नका, पाद्रीबाबा.’’

मग तिनं हेस्टरचा हात धरला आणि दोघी गाणं सुरू व्हायच्या आत जागेवर जाऊन बसल्या.