उडवलेल्या सगळ्यांना

टाळीमामाला पक्ष्यांची आवड आहे असं कुणी म्हणालं असतं, तर त्याच्या नोकरीतली माणसं पोट धरून हसली असती. कारण ह्या गृहस्थाची हयात पक्षी हाकलण्यात गेली. विमानतळाच्या धावपट्टीवरचे पक्षी उडवायचे, हेच त्याचं काम. थट्टा नाही, खरंच असं काम असतं आणि त्याचा पगारही मिळतो. विमान उतरायच्या आधी जीप घेऊन जायचं, टिटव्या, घारी, बगळे, जे काही बसलं असेल ते उठवायचं आणि वॉकीटॉकीवर टॉवरला सांगायचं, "धावपट्टी मोकळी." गवत वाढू द्यायचं नाही, डबकी साचू द्यायची नाहीत, उंदीर मेला असेल तर घारीच्या आधी आपण उचलायचा. जीपवर भोंगा होता, फटाके उडवायचं पिस्तूल होतं. पण पक्षी काही खुळे नसतात. ते भोंग्याला सरावतात आणि मग ढिम्म हलत नाहीत. तेव्हा हा जीपमधून उतरायचा आणि टाळी वाजवायचा. काय ती टाळी! पिस्तुलानं लाजावं. त्यावरूनच टाळीमामा हे नाव पडलं आणि इमारतीत, दुकानात, सासुरवाडीतसुद्धा तेच चिकटलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या अंगात मुरली होती. वॉकीटॉकीवर जे आहे तेच बोलायचं. एक टिटवी जरी बसलेली असली, तरी "मोकळी" म्हणायचं नाही, मग वर विमान घिरट्या घालत राहिलं तरी बेहत्तर. त्यामुळे घरीही हा माणूस लग्नाकार्यात तोंडदेखलं "छान झालं जेवण" म्हणायचा नाही. बायकोची पंचाईत व्हायची.

बायकोचं देवाशी बरं होतं. त्याच्यासारखं नाही. रोज संध्याकाळी ती बाल्कनीच्या दारापाशी खुर्ची ओढून बसायची, हात जोडायची आणि शेजारच्या बाईशी बोलावं तसं देवाशी मोठ्यानं बोलायची. लेकीला बरं ठेव, जावयाला नोकरीत टिकव, नातीचा खोकला जाऊ दे, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याचे गुडघे बघ. एकेकाची आठवण काढून झाली की शेवटचं वाक्य ठरलेलं: "आणि ह्यांनी आज उडवलेल्या सगळ्यांना कुठंतरी बसायला जागा मिळू दे."

टाळीमामा पेपरामागून म्हणायचा, "देवाचा वॉकीटॉकी तुझ्याकडेच दिसतोय. आमच्याकडे नुसती खरखर."

"बटण दाबून ठेवलंत तर ऐकू कसं येईल? स्वतः बोलायचं थांबलं की ऐकू येतं," ती म्हणायची.

निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्याला दुर्बीण दिली, खिजवायला म्हणूनच. "मामा, आता तरी त्यांचं तोंड बघा!" सगळे हसले. तोही हसला. घरी येऊन दुर्बीण डोळ्यांना लावली आणि त्याच्या ध्यानात आलं की खरंच, पक्षी म्हटला की आपल्याला त्याची पाठ तेवढी ठाऊक आहे. उडून चाललेली पाठ. मग त्याला नादच लागला. सकाळी दोघं इमारतीमागच्या मैदानात बाकावर जाऊन बसायची. तो दुर्बीण लावायचा, ती थर्मास उघडायची. टिटवी अंडी उबवताना मध्येच उठून ती पायानं फिरवते, हे त्यानं त्या बाकावर बसून पहिल्यांदा पाहिलं आणि दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटला.

संध्याकाळचं शेवटचं वाक्य बायकोनं सोडलं नाही. तो म्हणाला, "अगं, मी आता कुणाला उडवतोय?"

"आजवर उडवलेत ते सगळे बसले असतील असं वाटतं का तुम्हाला?" ती म्हणाली. त्यानं पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

आणि मग एका सकाळी थर्मासचं झाकण फिरवता फिरवता ती बाकावर कलंडली. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. जीव वाचला. सगळे म्हणाले, जीव वाचला हेच खूप. टाळीमामानंही मान डोलावली.

तेव्हापासून त्याला काही वाटेनासं झालं. वाईट वाटत नव्हतं, बरं वाटत नव्हतं, रागसुद्धा येत नव्हता. तिला उठवायचं, पुसायचं, भरवायचं, चाकाच्या खुर्चीत बसवून बाल्कनीच्या दारापाशी आणायचं, सगळं तो करायचा. नीट करायचा. पण जीप चालवावी तसं. लोक भेटायला येत, "धीर सोडू नका" म्हणत, आणि तो मनात म्हणे, सोडायला आधी हातात असायला हवा ना.

बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. कपाचं चित्र, किल्लीचं चित्र, मांजराचं चित्र. बायको त्या चित्रांकडे बघायचीसुद्धा नाही, मान फिरवून घ्यायची. जाताना बाई टाळीमामाला म्हणाल्या, "काका, घरात रोज जे बोललं जायचं ना, तेच बोलत राहा. सवयीचं बोलणं आधी परत येतं. काही बदलू नका."

हा कसला बदलतोय! दुसऱ्याच संध्याकाळी खुर्चीशेजारी स्टूल ओढून त्यानं हात जोडले. लेकीला बरं ठेव, जावयाला नोकरीत टिकव, नातीचा खोकला, म्हाताऱ्याचे गुडघे. विश्वास वगैरे काही नव्हता, भोंगा वाजवावा तसं वाजवत होता. शेवटच्या वाक्याशी मात्र तो थांबला. आज आपण कुणाला उडवलेलं नाही. मग जे नाही ते कशाला बोला? टॉवरला जे कधी सांगितलं नाही ते देवाला कशाला सांगा? त्यानं ते वाक्य गाळलं. रोजच गाळत राहिला. बायको रोज शेवटी त्याच्याकडे बघत राहायची आणि मग डोळे मिटून घ्यायची. ती दमली असेल, असं त्याला वाटायचं. एवढा टिटवीच्या अंड्यापर्यंत बारीक बघणारा माणूस, पण हे काही त्याला दिसलं नाही.

तिला एकाच गोष्टीत रस उरला होता. बाल्कनीच्या कठड्यावर एक साळुंकी यायची. एका पायानं लंगडी, पण तोरा असा की इमारत तिच्याच बापाची. ती आली की बायकोचे डोळे तिच्यामागे फिरायचे. टाळीमामा खुर्चीला पुढे लावलेल्या जेवणाच्या फळीवर पावाचा चुरा ठेवायचा आणि मागे भिंतीला टेकून, हात काखेत घालून उभा राहायचा. साळुंकी कठड्यावरून दारात, दारातून फरशीवर अशी रोज थोडी पुढे येत होती.

लेक रविवारी यायची. तिचं गाव लांब, घरी आजारी सासू, नोकरीत डोक्यावर बसलेला साहेब. पोरीच्या नाकी नऊ आले होते आणि तरी ती यायची. मागच्या रविवारी ती आली तेव्हा आई ओल्या कपड्यांत बसलेली होती, कधीपासून कोण जाणे, आणि बाप दुर्बीण लावून बाल्कनीत. लेकीनं पर्स तिथंच टाकली. आईला कोरडं केलं, न्हाणीघरात जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, एक शुश्रूषा केंद्र आहे. माणसं चांगली आहेत. तिथं एक खाट रिकामी झालीय."

"तुला योग्य वाटेल ते कर," टाळीमामा म्हणाला.

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना."

त्यानं आत शोधून पाहिलं. काही सापडलं नाही. जे नाही ते तो बोलणार कसा?

ह्या रविवारी लेक रिकामी बॅग घेऊनच आली. सोमवारी सकाळी आईला न्यायचं ठरलं होतं. एकदा तिथं गेलेलं माणूस परत येत नाही, हे त्या केंद्राच्या बाईंनीही लपवलं नव्हतं.

"आई एक शब्द जरी बोलली असती ना," कपाटातले कपडे काढता काढता लेक म्हणाली, "दुखतंय, ओलं झालंय, नको, एवढं जरी. मी हिला हलवलं नसतं, बाबा. पण तिला आपण काय बोलतो ते तरी कळतं की नाही, तेच समजत नाही. आणि तुम्ही... तुमचंही काही समजत नाही."

हे बोलणं चाललेलं असतानाच साळुंकी आली. फरशीवरून लंगडत आली, मान वाकडी करून बघितलं आणि टुणकन उडून थेट खुर्चीच्या फळीवर, बायकोच्या डाव्या हाताशेजारी. लेक जागच्या जागी थिजली. बायकोची बोटं हलली. हळूहळू चुऱ्याकडे सरकली. साळुंकीनं एक कण टिपला, तिच्या बोटांच्या अगदी लगत.

आणि वरून विमान आलं. त्या घरावरून दिवसभर विमानं जातात, त्यात नवल नाही. पण विमानाचा आवाज कानात आणि पक्षी डोळ्यांसमोर, हे जमून आलं आणि टाळीमामाचे हात काखेतून निघाले. फाड्! भिंतीवरचं घड्याळ हाललं. साळुंकी कुठल्या कुठे गेली. फळीवरचा चुरा सांडला. बायकोचं बोट तसंच पुढे राहिलेलं.

"बाबा!" लेक ओरडली. "कशाला? अहो, कशाला?"

तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला. टाळ्या वाजवून ते इतके जाड झालेले की झोंबलेसुद्धा नाहीत. आत्ता तरी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याचीच त्याला थोडी भीती वाटली आणि मग तीही गेली.

संध्याकाळ झाली. बॅग दाराशी उभी होती, आणखी दोन स्वेटर तेवढे ठेवायचे राहिले होते. साळुंकी परत आली नव्हती. बायको कठड्याकडेच बघत होती. टाळीमामानं स्टूल ओढलं, कारण ही स्टूल ओढायची वेळ होती, आणि हात जोडले. लेकीला बरं ठेव. जावयाला नोकरीत टिकव. नातीचा खोकला जाऊ दे. म्हाताऱ्याचे गुडघे बघ.

इथं रोज संपायचं. पण आज त्यानं उडवलं होतं. आज ते वाक्य खरं होतं, आणि खरं असेल ते सांगायलाच हवं, त्यातून सुटका नाही.

"आणि आज मी उडवलेल्या..." त्यानं सुरुवात केली. "आज मी उडवलेल्या सगळ्यांना कुठंतरी..."

पुढचं येईना. शब्द पाठ होते. पण ते बाहेर पडेनात, आणि त्याला कळेना की हे काय होतंय. इतक्या दिवसांत असं काही झालंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर ती दाराशी उभी असलेली बॅग आली. हिला कुठं बसवणार आहेत उद्या? कुठल्या दाराशी? तिथं कठडा आहे का? त्याला वाईट वाटत होतं. साधं, सरळ, भयंकर वाईट वाटत होतं. तो तोंड उघडं ठेवून तसाच बसून राहिला.

"बसा... बसायला," खुर्चीतून आवाज आला. जाड, वाकडा, गंजलेली कडी ओढल्यासारखा. "जागा... मिळू दे."

आतल्या खोलीच्या दारात लेक स्वेटर हातात घेऊन उभी होती. "कोण बोललं?" ती म्हणाली. घरात तिघंच, त्यातली दोन ती आणि बाप, आणि विचारते कोण बोललं! पण माणूस अशा वेळी असंच काहीतरी विचारतो.

"बाबा, पुन्हा म्हणा," ती कुजबुजली. "पहिल्यापासून म्हणा."

त्यानं पहिल्यापासून म्हटलं. लेक, जावई, खोकला, गुडघे. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "आणि आज मी उडवलेल्या सगळ्यांना कुठंतरी..." म्हणून तो थांबला. ह्या वेळी मुद्दाम थांबला, आणि बोलायचं बंद करून, कान देऊन थांबला.

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून हा माणूस साध्या साध्या गोष्टीला वेळ लावतो, तेव्हा ती बघायची तसंच.

"बसायला जागा मिळू दे," ती म्हणाली. आणि वैतागून वर, "अहो."

लेक मटकन बॅगेवरच बसली. एका वाक्यानं माणूस बरं होत नाही, हे तिला माहीत होतं. उद्या पुन्हा कपडे ओले होणार, पुन्हा उचलायचं, पुन्हा भरवायचं, हेही माहीत होतं. तिनं डोळे पुसले, फोन काढला आणि केंद्राच्या बाईंना सांगितलं की उद्या येत नाही आहोत, ती खाट दुसऱ्या कुणाला तरी द्या.

टाळीमामा गुडघ्यांवर बसून फरशीवर सांडलेला चुरा गोळा करत होता. गोळा करून त्यानं तो पुन्हा फळीवर ठेवला, तिच्या डाव्या हाताशेजारी. मग दोन्ही हात काखेत घातले आणि लेकीला म्हणाला, "उद्या साळुंकी असताना विमान आलं, तर माझे हात धरून बस."