आमच्या प्रतापगडावर दुसऱ्या गडाचा इतिहास

अर्जदार: मी स्वतः, तहसील कार्यालयासमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणारा. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज शब्दाच्या चुकीसाठी आजवर परत आलेला नाही. घटनास्थळ: प्रतापगड, तालुका अर्जुनी मोरगाव. घटनेचा काळ: सन दोन हजार आठच्या सुमारास, महाशिवरात्रीची यात्रा. साक्षीदार: माझी मुलगी, त्या वेळी इयत्ता सातवीत. अन्याय झालेली व्यक्ती: माझे सासरे, राहणार सौंदड, धानाचे शेतकरी.

सासरे दरवर्षी यात्रेला मला सोबत नेत. चढताना त्यांचे थांबे ठरलेले आणि प्रत्येक थांब्यावर सांगायचा इतिहासही ठरलेला. गड मूळचा गोंड राजांचा. पुढे तो कामठ्याच्या जमीनदाराकडे आला. त्याने इंग्रजांशी वैर घेतले, तेव्हा फौजेने तट पाडले. ढासळलेल्या दगडांवर हात ठेवून ते म्हणत, "हे पडले नाही जवाई, पाडले." हे त्यांना त्यांच्या आज्याने सांगितले होते. वर पोचल्यावर ते आधी महादेवाला बेल वाहत, मग दर्ग्यावर फुले. दोहोंपैकी एकही कधी चुकले नाही.

त्या वर्षी पायथ्याशी नवा निळा फलक उभा होता. तो कोणत्या कार्यालयाने लावला, हे लिहिण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. त्यावर मजकूर होता साताऱ्याच्या प्रतापगडाचा, अक्षरशः उचललेला. येथे महाराजांची व खानाची भेट झाली. येथून कोकणपट्टी दिसते. महाबळेश्वरहून येण्यास सोयीचा रस्ता आहे. आमच्या गडावरून धानाच्या बांध्या दिसतात आणि इटियाडोह धरणाचे पाणी दिसते. कोकण पाहायला माणसाला दोन दिवस गाडीत बसावे लागेल.

दर्ग्यापाशी नागपूरकडच्या एका पर्यटकाने सासऱ्यांना विचारले, "काका, वो खान की कबर यही है क्या?"

"कोन्ता खान जी? हे आमचे बाबा होत. खान इकडं कायले येते?"

"नीचे बोर्ड पे लिखा है. बोर्ड झूठ बोलेगा क्या?" तो हसला. सोबतचेही हसले.

मुलीने तो मजकूर वहीत उतरवून घेतला होता. तिने वही उघडून दाखवली. "आबाजी, खरंच लिहिलं आहे. तुम्ही सांगता ते त्यात नाही."

सासरे माझ्याकडे वळले. "जवाई, तुमी लिवनारे मानूस. सांगा बरं, मी का इतके साल लबाड बोलून राहिलो का?"

फलक खोटा आहे हे मला पक्के ठाऊक होते. पण चार शिकलेली माणसे पाहत होती. मी म्हणालो, "मामाजी, लेखी पुढं तोंडी चालत नाही."

ते दर्ग्याची फुले तशीच हातात घेऊन गड उतरले.

त्यानंतर मी पाच अर्ज केले. चारांना उत्तर नाही. पाचव्याला आले, ते असे: विषय प्रतापगड किल्ल्याचा असल्याने आपला अर्ज सातारा जिल्ह्याकडे वर्ग करण्यात येत आहे. ज्या चुकीची तक्रार केली, तीच चूक सही-शिक्क्यानिशी मला परत मिळाली. असे कारकून खुर्चीवर बसतात, आणि आम्ही बाहेर उन्हात बसून त्यांचे मराठी सुधारतो.

सासरे आता ऐंशीच्या पुढे आहेत. यात्रेला जात नाहीत. मुलगी मोठी झाली, आपण तेव्हा काय बोलून गेलो ते तिला कळले, तिने गडाची गोष्ट पुन्हा विचारली, तर म्हणतात, "बोर्ड वाच बाई. त्यात लिवलं हाय." गोंडांचा, कामठ्याचा तो इतिहास आमच्या घरात दुसऱ्या कोणाला त्यांच्याइतका येत नाही. मी इतकी वर्षे ऐकला, पण लिहून घेतला नाही. ज्याने लोकांच्या बांधाबांधांची हकीकत लिहून काढली त्याने.

तरी विनंती की, सदर फलक तात्काळ काढावा. नवा लावण्याची ऐपत नसल्यास जागा रिकामी ठेवावी. फलकावरील मजकूर चुकीचा होता, एवढे एक वाक्य लेखी कळवावे. उत्तर माझ्या नावे नको. ते सौंदडला, माझ्या सासऱ्यांच्या नावे, ते हयात आहेत तोवर पाठवावे. माझ्या तोंडी सांगण्यावर त्यांचा आता विश्वास नाही.