उसने दिलेत का विमान कंपनीला?

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सदाशिव पेठेत राहून एखादी गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवणं सोपं नसतं, पण ठेवली. आज सांगतो — कारण आज मी फार खुशीत आहे, आणि खुशीत माझ्या तोंडाला लगाम राहत नाही.

काल प्रज्ञाला डॉक्टरेट मिळाली. माझी विद्यार्थिनी. भरल्या सभागृहात परीक्षकांनी उलटसुलट विचारलं, पण पोरगी एकदाही अडली नाही. मी पहिल्या रांगेत बसून नवरीच्या मामासारखा मिरवत होतो. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या पदवीचाही झाला नव्हता.

मूळ गोष्टीकडे येतोय, जरा धीर धरा.

मी कायदा शिकवायचो. माझ्या तिरकस बोलण्यावर मुलं खूश असत — निदान मला तसं वाटायचं. एकदा सरकारी विमान कंपनीचा कायदा शिकवत होतो. कंपनीने किती कर्ज काढायचं याची मर्यादा सरकार ठरवतं, एवढं सांगून मी फळा पुसायला वळलो, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला. विचारणारी प्रज्ञा, तेव्हा नुकतीच वर्ध्याहून आलेली. कंपनीने मर्यादा ओलांडून कर्ज घेतलं आणि देणाऱ्या बँकेला ते ठाऊकच नसलं, तर त्या बँकेचे पैसे बुडाले का?

किती नेमका प्रश्न होता. आणि मी —

हे लिहिताना अजून कान गरम होतात.

मी म्हणालो, "एवढी काळजी? आपण उसने दिलेत का विमान कंपनीला?"

वर्ग खो खो हसला. ती खाली बसली. वर्षभर तिने पुन्हा हात वर केला नाही, आणि ते मला दिसत होतं. मला उत्तर येत नव्हतं, एवढंच. "माहीत नाही, बघून सांगतो" म्हणायला किती वेळ लागला असता? पण पुण्यात, फळ्यासमोर उभं राहून, माहीत नाही असं म्हणायचं?

तिने मात्र तो प्रश्न सोडला नाही. त्याच्यावरच प्रबंध लिहिला. मर्यादा मोडल्याचं ज्याला ठाऊक नव्हतं, त्या विश्वासाने देणाऱ्याला कायदा कसा सांभाळतो, ते सगळं त्यात आहे. मला उत्तर कळलं ते तिचा प्रबंध वाचून.

आणि काल आभार मानताना ती म्हणाली, सरांना उत्तर माहीत होतं. माझं मी शोधावं म्हणून त्यांनी मुद्दाम चेष्टेवर नेलं. असे शिक्षक मिळायला भाग्य लागतं. टाळ्या पडल्या. निळी साडी नेसून आलेल्या तिच्या आईने मला स्वतःच्या हाताने पेढा भरवला. "तुमच्यामुळंच झालं जी, सर," म्हणाली, आणि डोळे पुसत हसली.

तेव्हा सांगता आलं असतं, नाही का? पेढा काही फार वेळ तोंडात नव्हता. पण मी उठलो, मागे वळलो आणि सगळ्या सभागृहाला हात जोडून नमस्कार केला.

तिने विश्वासाने दिलं. मला माझी मर्यादा ठाऊक होती, आणि मी घेतलं.