आत्याच्या बांगडीचं माप

आत्या दर महिन्याला कसलं इंजेक्शन घेते, असं तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर विचारलंत आणि तिने विषय बदलला. तिला विचारूनच मी, तुमची आजी, हे लिहिते आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. आत्याच्या या ग्रंथीत गाठ झाली. आधी पाळी बंद झाली, डोकं दुखू लागलं. तपासणीत प्रोलॅक्टिन, म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारं संप्रेरक, वाढलेलं निघालं. अशा गाठी बहुधा गोळ्यांनी आटोक्यात येतात, म्हणून गोळ्या सुरू झाल्या. प्रोलॅक्टिन उतरलं. मी सगळे रिपोर्ट तारखेनुसार फाइलला लावले आणि निर्धास्त झाले.

एक गोष्ट मात्र त्या फाइलमध्ये नव्हती. स्वतःच्या लग्नात आत्याला दोन-चार मापाची बांगडी बसायची. पुढे दोन-सहा लागू लागली. अंगठी सोनाराकडून दोनदा वाढवून आणली. आपल्याकडे लेकीच्या बांगड्या घट्ट झाल्या की सासर मानवलं म्हणतात. मीही तेच म्हणाले, तेही तिच्या सासूबाईंसमोर, कौतुकाने.

धाकट्या काकाच्या लग्नाआधी आमची नेहमीची कासारीण घरी बांगड्या भरायला आली. आत्याच्या हातात दोन-सहाची बांगडी अंगठ्याच्या सांध्यावरच अडली.

"साबण आणू का?" मी विचारलं.

"साबणानं हाड बारीक हुतंय व्हय, आक्का?"

"अगं, सासरचं, कागलचं पाणी मानवलंय तिला."

"पाण्यानं मांस चढतंय. ह्यो हात मऊ न्हाय. हितं हाडच रुंद झालंय. डाक्टरला दावा की!"

आत्या हसली. "मावशी, तुम्हीच डॉक्टर व्हायला पाहिजे होतं."

"झाली असती. पर आईनं हातात बांगड्याच दिल्या. धरा हात, दोन-आठ काढते."

लग्न उरकल्यावर आम्ही हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी चपलेचा नंबर विचारला. तोही एकाने वाढला होता. ग्लुकोजचं पाणी पाजून पुन्हा पुन्हा रक्त घेतलं. साखर पोटात गेल्यावर वाढीचं संप्रेरक, जे जास्त झालं की मोठ्या माणसाची हाडं रुंद होतात, ते खाली यायला हवं, तिचं आलं नाही. एमआरआयमध्ये गाठ डोळ्यांच्या नसेला टेकलेली दिसली. नस आणखी दबली तर कडेचं दिसणं जाणार होतं, आणि आत्या तर रोज स्कूटरवरून शाळेत शिकवायला जाते.

पुण्याला ऑपरेशन झालं, नाकातून. कवटी उघडावी लागली नाही. प्रयोगशाळेत कळलं, गाठ मिश्र होती. काही पेशी प्रोलॅक्टिन बनवत होत्या, काही वाढीचं संप्रेरक. अशी गाठ क्वचित होते. गोळ्यांनी पहिल्या पेशी गप्प बसल्या, दुसऱ्यांचं काम चालूच राहिलं. मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला थोडा भाग काढता आला नाही. इंजेक्शन त्यासाठी आहे.

नजर वाचली. बोटांची सूज उतरली. वाढलेलं हाड मात्र पूर्वीसारखं होत नाही, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं.

संक्रांतीला कासारीण आली. तिने आत्याचा हात दाबून पाहिला, दोन-आठची बांगडी चढवली, मनगटावर फिरवली.

"नंबर त्योच हाय," ती म्हणाली. "फुडं सरकला न्हाय."

मी फाइल आणली आणि शेवटच्या रिपोर्टखाली एक कोरा कागद लावून तारीख व माप लिहिलं.