चंद्रावतीवहिनीची साक्ष

गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या आमच्या सुर्ल्यात चंद्रावतीवहिनीबद्दल कोणालाही विचारा, वाईट शब्द ऐकू येणार नाही. कोणाकडे बाळंतीण असो, कोणाचं बारावं-तेरावं असो, ती न बोलावता हजर. तिची जीभ खोट्याकडे वळतच नाही, असं माझी सासू म्हणायची, आणि माझी सासू कोणाला चांगलं म्हणणाऱ्यांपैकी नव्हती. म्हणूनच सोळा वर्षांपूर्वी वहिनीने पोलिसांसमोर जे सांगितलं ते गावाने देववाक्य मानलं. मी तिची शेजारीण, मीही मानलं. खरं सांगायचं तर मानणं सोयीचं होतं. तेव्हा माझ्याही दारात खनिजाचा ट्रक उभा असायचा.

वहिनीचं माहेर हरमलचं. लहानपणी बापाच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून ती शाळेत जायची. लग्न होऊन इथे आली आणि सायकल सुटली. नवरा गुरुदास, स्वतःच्या ट्रकवर स्वतःच ड्रायव्हर. खाणीवर भरायचं, जेटीवर ओतायचं, रिकामा ट्रक पळवत परत यायचं आणि दिवसाला होतील तितक्या खेपा मारायच्या. डिझेल वाचवायला ही माणसं रिकामा ट्रक उतारावर इंजिन बंद करून सोडून द्यायची. इंजिन बंद पडलं की ब्रेकची हवाही उतरत जाते, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण रिकाम्या गाडीला ब्रेक लावणारा तो ड्रायव्हर कसला, अशी गुरुदासची बढाई, आणि बाकीचे त्यावर माना डोलवायचे. सगळ्यांचीच अक्कल तेव्हा लाल धुळीत गेली होती.

त्या दिवशी नणंदेकडे पाळी गावाला जायचं म्हणून वहिनी त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसली होती. पुढे उतारावर ओंकार सायकलवरून शाळेतून घरी चालला होता. अकरा वर्षांचा पोर. दोडामार्गाकडून खाणीवर कामाला आलेल्या निलेशचा आणि शेवंतीचा एकुलता एक. सायकल कोरी होती, पाचवीत पहिला आला म्हणून निलेशने घेऊन दिलेली. शेवंती नको नको म्हणत होती, या रस्त्यावर नको. ट्रकने त्याला मागून उडवलं. जागीच गेला.

पोलिसांनी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "पोर एकदम मदीं आयलो. आमची चूक ना." झालं, गुरुदास सुटला. सुटल्यावर त्याने गावच्या राखणदार देवाला कोंबडा दिला आणि आळीतल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. आम्ही गेलो. मी दोनदा वाढून घेतलं होतं, ते अजून आठवतं आणि स्वतःची किळस येते.

पुढे खाणी बंद पडल्या. गुरुदासचा ट्रक भंगारात गेला, पण त्याची मिजास काही गेली नाही. मुलगा प्रज्योत स्वयंपाकाचं शिकून ऑस्ट्रियात गेला, टायरोलच्या डोंगरात एका हॉटेलात कुक झाला. आईवडील लग्नानंतर कुठे म्हणून दोघंच गेलेले नाहीत, याचं त्याला फार वाईट वाटायचं. या जूनमध्ये त्याने दोघांना बोलावून घेतलं आणि आठ दिवसांची सायकलची सहल ठरवून दिली. बॅटरीवरच्या सायकली, रोज एका गावातून दुसऱ्या गावात, बॅगा गाडीतून पुढे. गुरुदास लगेच तयार. आल्यावर गावात सांगायला मिळेल ना.

वहिनी पहिल्या दिवशी डगमगली, दुसऱ्या दिवशी पायांना सगळं आठवलं. "गो, माका हरमलच्यो वाटो दिसपाक लागल्यो," असं ती मला सांगत होती. गाईंच्या गळ्यातल्या घंटा, कापलेल्या गवताचा वास, जूनमध्येही डोंगरावर पांढरं बर्फ. ती मनापासून सुखी होती, तीन दिवस. गुरुदास आपला पुढे, मागे वळून बघणं नाही. उतार आला की बॅटरी बंद करायचा, ब्रेकला हात लावायचा नाही, आणि खाली जाऊन तिच्या नावाने हसत उभा राहायचा. "रिकाम्या गाडयेक ब्रेक कित्याक मारता गो?"

चौथ्या दिवशी घाट लागला. चढ होता, गुरुदास दोन वळणं पुढे गेलेला. वहिनी अगदी कडेने चालली होती. तेवढ्यात मागून ट्रकचा आवाज आला. ओंडके भरलेला मोठा ट्रक. हा आवाज तिने आजवर केबिनमध्ये नाहीतर दारात बसून ऐकला होता, सायकलवर असताना पाठीमागून कधी ऐकला नव्हता. तिचे हात हँडलला चिकटले. आता हॉर्न वाजेल, आता अंगावर येईल. हॉर्न वाजला नाही. ट्रक तिच्या मागे तिच्याच चालीने येत राहिला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मैलभर तरी तो भरलेला ट्रक एका म्हाताऱ्या बाईमागे चढावर हळूहळू येत होता. रस्ता रुंद झाला तेव्हा तो लांबून वळसा घेऊन पुढे गेला आणि ड्रायव्हरने जाता जाता हात वर केला.

वहिनी सायकलवरून उतरली आणि उरलेला चढ सायकल ढकलत चालत गेली.

गुरुदास वर तिची वाट बघत थांबला होता. त्यानेही तो ट्रक बघितला होता. म्हणाला, "डायवर नवशिको आसतलो."

वहिनीने विचारलं, "त्या दिसा तुमकां थांबूंक येतालें?"

कुठल्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही. वहिनी म्हणते, तिला सगळ्यात जास्त तेच लागलं. सोळा वर्षांत घरात त्या पोराचं नाव निघालं नव्हतं, तरी माणसाला एका क्षणात कळलं. तो म्हणाला, "येतालें. पूण एक खेप चुकताली." मग सायकलवर बसता बसता म्हणाला, "आनी साक्ष तुवें दिली, हांवें न्हय."

उरलेले चार दिवस ती त्याच्यामागून सायकल चालवत राहिली. फोटोत दोघं हसतायत. प्रज्योतने ते सगळ्यांना पाठवले. मीही बघून "किती छान" म्हटलं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ती माझ्या ओसरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. ओंकार मध्ये आलाच नव्हता. तो गवताला लागून चालला होता, एवढा कडेने की त्याचं दप्तर झुडपांना घासत होतं. तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. इंजिन बंद होतं, वेळ होता तोवर गुरुदासने ब्रेक लावला नाही, मग तो धरेना, आणि वळवायचाही त्याने प्रयत्न केला नाही. "शेवंतीक सांगतां," ती म्हणाली.

मी म्हटलं, झालं गेलं, आता कशाला. हे मी तिच्यासाठी म्हटलं नाही, माझ्यासाठीच म्हटलं. गुरुदासने तर घरात सांगून टाकलं, "वच, सांग. तुजेंच तोंड काळें जातलें." त्याने अडवलं असतं तर बरं झालं असतं.

एकटीला धीर होईना म्हणून तिने मला बरोबर घेतलं. शेवंती गावाच्या टोकाला एका खोलीत राहते. निलेश त्या अपघातानंतर दारूला लागला आणि चार वर्षांनी गेला. आम्ही गेलो तेव्हा ती डिचोलीच्या बाजारात विकायला वाती वळत होती. वहिनीला बघून तिला केवढा आनंद झाला. "वहिनी, परदेशातसून इलात? बसा, च्या करतंय." पोर गेलं तेव्हा पहिल्या दिवशी तिच्या घरी पेज घेऊन जाणारी वहिनीच होती, हे ती विसरली नव्हती.

वहिनी बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एका दमात. शेवंतीचे हात वाती वळतच राहिले. मग थांबले.

"मधी येवक नाय होतो तो?"

"ना."

"कडेन होतो?"

"कडेन."

मला वाटलं रडेल, शिव्या देईल, दोन थोबाडीत मारील. मारलं असतं तर वहिनी आनंदाने घरी आली असती. शेवंती शांतपणे बोलायला लागली.

"वहिनी खोटा बोलाची नाय, म्हणान मी माझ्या पोराक दोष दिलंय. आणि सायकल घेवन दिलेल्या तेच्या बापाशीक. चार वर्सां मी घोवावांगडा शब्द बोलाक नाय. बोललंय तर एकच, तू मारलंस. खाटेर पडान मराक टेकलो तेव्हा तेना पाणी मागल्यान. मी म्हटलंय, तुझ्या पोराक माग."

वहिनी तिच्या पायावर कोसळली. म्हणाली, उद्याच पोलिसांकडे जाते, सगळं लिहून देते, काय शिक्षा होईल ती होऊ दे.

शेवंतीने पाय मागे घेतले.

"पोलिसांक सांगान माका काय करूचा हा?" ती म्हणाली. "माझ्या घोवाक सांग. जा, तेका सांगान ये."