खडूच्या डब्यातल्या गोळ्या

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात सगळे तिला कात्रीबाई म्हणत. एक तर ती कापड कापायची, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. कापडाचे थर एकावर एक रचून खडूच्या रेघेवरून ती अशी कात्री चालवायची, की मालकालाही खोट काढता येत नसे. काढलीच तर, "मग या इकडे, तुम्हीच कापा," म्हणून कात्री त्याच्या हातात द्यायला ती मागेपुढे बघत नसे.

ही वाघीण घरी सासूपुढे मात्र गोगलगाय व्हायची. पदरी एक मुलगी होती, सासूला नातू हवा होता. कात्रीबाईला दुसरं मूल नको होतं; पहिल्या बाळंतपणातच ती मरता मरता वाचली होती. नवऱ्याला हे पटत होतं, पण आईला सांगायची छाती नव्हती. "गोळ्या घे तू," तो म्हणाला, "पण आईला कळू देऊ नकोस. घरात उगाच तमाशा नको."

आता त्या घरात लपवायचं कुठे? सासूचा हात कपाटातही फिरायचा आणि उशीखालीही. म्हणून पाकीट राहिलं कारखान्यात, कापायच्या टेबलाच्या खणात, खडूच्या डब्यात. सुट्टी आली की गोळी चुकायची. दुसऱ्या दिवशी ती दोन घ्यायची आणि हिशेब जुळला म्हणायची. शरीराला असले हिशेब कळत नाहीत. तिच्या अंगावरून जायला लागलं, ते थांबेचना.

डॉक्टरबाईंकडे ती निघाली तेव्हा सासूही चप्पल घालून तयार. नेहमीचंच होतं ते. सून आजारी पडली की तिचं दुखणं सासूच सांगायची. नवरा मागून आला.

"रक्त थांबायला गोळी देते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही रक्ताची गुठळी टिकवून धरते, म्हणून विचारते. पाळणा लांबवायची गोळी वगैरे चालू नाही ना?"

"छे हो!" सासूच बोलली. "आम्ही तर डोळ्यांत प्राण आणून वाट बघतोय."

डॉक्टरबाईंनी कात्रीबाईकडे बघितलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याला त्याच वेळी भिंतीवरच्या घड्याळात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

"नाही," कात्रीबाई म्हणाली.

आठवडाही झाला नसेल. टेबलाशी उभी असताना तिच्या उजव्या हातातून कात्री गळून पडली. "अगं, पायावर पडली असती की!" शेजारची ओरडली. कात्रीबाईला तिला चांगलं सुनवायचं होतं, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज आला.

रक्ताची गुठळी मेंदूत अडकली होती. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे नवऱ्याला कंठ फुटला. बैल गेला नि झोपा केला.

"पाळणा लांबवायच्या गोळीने आधीच गुठळ्यांचा धोका असतो," डॉक्टर चिडून म्हणाले. "त्यावर ही दुसरी! दोन्ही एकत्र देतच नाहीत. कोणी विचारलं नाही का तुम्हाला?"

"विचारलं होतं," नवरा म्हणाला.

हातात हळूहळू थोडी ताकद आली. शब्द मात्र आले नाहीत. एवढ्या बोलक्या बाईच्या तोंडी एकच शब्द उरला. पाणी हवं का विचारा, मुलीला आणू का विचारा, ती "नाही" म्हणायची, आणि मग स्वतःवरच चिडून रडायची.

खडूचा डबा घरी आला, तेव्हा सासूलाही सगळं कळलं. ती कॉटशेजारी बसून डोळे पुसत म्हणाली, "मला एका शब्दाने सांगितलं असतंस, तर मी काय तुला खाल्लं असतं?"

कात्रीबाईने तिच्याकडे टक लावून बघितलं. इतक्या वर्षांची उत्तरं घशापर्यंत आली होती, एकाहून एक धारदार. ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"नाही," ती म्हणाली.

"तेच तर म्हणते मी," सासू म्हणाली, आणि समाधानाने तिची उशी सारखी करू लागली.