शेवंतीच्या बाराच्या गोळ्या

ठाणे पूर्वेच्या कोपरीत मासळी विकणाऱ्या शेवंतीचा पती गोमाजी १९९६ साली निवर्तला. कारण एड्स होते. परंतु कुलप्रतिष्ठेच्या रक्षणार्थ ते कावीळ ठरले आणि बाजारातील समस्त विदुषींनी तो निर्णय शिरोधार्य मानला. जाताना गोमाजी तोच विषाणू पत्नीस देऊन गेला होता. हयातीत त्याने तिला स्वतःचे म्हणून दिलेले तेवढेच.

दोन वर्षांनी मुंबईच्या एका डॉक्टरांनी तिला तीन औषधे एकदम सुरू केली. एकट्यादुकट्या औषधाला हा विषाणू लवकरच चकवतो. तिघांनी मिळून कोंडले, तर त्याची वाढ खुंटते. रोग जात नाही, माणूस मात्र राहतो. जहाजावर नोकरीस असलेला भाऊ दामाजी ती औषधे परदेशातून आणी. त्यांतील एकाचा नेम अनुष्ठानाहून कडक: दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, तांब्याभर पाण्यासह. पहाटेचे चार आणि रात्रीचे आठ साधले. दुपारचे बारा मात्र भर बाजारात वाजत, तेही शेजारी बसणाऱ्या रंगूबाईंच्या साक्षीने. या वृद्धेस परदुःखाची जिज्ञासा उपजतच होती. शेवंती बाराच्या गोळ्या चुकवू लागली.

पुढच्या खेपेस वजन घटलेले पाहून डॉक्टरांनी खोदून विचारले. तिने खरे ते सांगितले.

"लोक काय म्हणतील, यावर माझ्याकडे औषध नाही, बाई," ते म्हणाले. "पण गोळ्या अशा चुकत राहिल्या, तर विषाणू या तिघांनाही जुमानणार नाही. आणि यापुढचे काही माझ्यापाशी नाही."

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तिने कमरेची डबी काढली.

"काय गो शेवंते, कसली गोली ती?" रंगूबाईंनी विचारले.

"एड्सची."

आजूबाजूचे कोयते थबकले. रंगूबाईंनी सामाईक माठ स्वतःकडे ओढला. "याला हात नको लावू हां."

"नाय लावत. घरचं पानी आनलंय. सकाली माझ्याकडचा बर्फ घेतलास, तो परत देतेस का मावशी?"

आठ-दहा दिवस गिऱ्हाइके तिच्या पाटीपासून शास्त्रोक्त अंतर राखून गेली. पुढे ताज्या पापलेटापुढे त्यांचे वैद्यकशास्त्र टिकले नाही. गोळ्या मात्र एकदाही चुकल्या नाहीत. सहा महिन्यांत शेवंतीचे वजन सात किलोंनी वाढले.

"मी एकवीरेला नवस बोललेली, म्हणून वाचली पोर," रंगूबाईंनी एका दुपारी बाजारास कळवले. हा नवस कोणी ऐकला नव्हता. शेवंतीने प्रतिवाद केला नाही. तिच्या तोंडात गोळ्या होत्या.